ऐंशी मीटर आधी

डोंबिवलीहून मुंबईकडे निघालेल्या लोकलचा मोटरमन लाल सिग्नल नजरचुकीने ओलांडू लागला, तरी गाडी त्याला पुढे जाऊ देत नाही. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर ‘ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम’ नावाची यंत्रणा कित्येक वर्षांपासून काम करते आहे. सिग्नलचा रंग रुळाजवळच्या चुंबकातून थेट मोटरमनच्या केबिनमध्ये पोचतो. सावध राहण्याची सूचना आली, की ती आपल्याला कळली हे त्याने बटण दाबून सांगायचे असते. त्याने ते केले नाही, किंवा लाल सिग्नल ओलांडला, तर ब्रेक आपोआप लागतात. शिवाय हातातली मूठ दाबून धरलेली असेल तोवरच गाडी चालते. त्याला भोवळ आली आणि मूठ सुटली, की गाडी उभी राहते.

म्हणजे कल्याण-डोंबिवलीचा नोकरदार माणूस रोज दोन वेळा अशा व्यवस्थेतून प्रवास करतो, जिने चालक कधीतरी चुकणार हे धरूनच आखणी केलेली आहे. (दारातून पडून आणि रूळ ओलांडताना लोकलखाली माणसे मरतात, ते दुःख मोठे आहे आणि त्याची कारणे निराळी आहेत. इथे मी फक्त गाडी चालवणाऱ्याविषयी बोलतो आहे.) हाच माणूस संध्याकाळी स्टेशनचा जिना उतरून शेअर रिक्षात बसतो, किंवा पार्किंगमधली दुचाकी काढून कल्याण-शीळ रस्त्याला लागतो. तिथे चालकाने चुकायचे नाही, एवढीच व्यवस्था आहे. तो दमला असेल, पाऊस असेल, समोरच्या ट्रेलरचा मागचा दिवा बंद असेल, तरीही चुकायचे नाही. चुकला तर दुसऱ्या दिवशी पेपरात ‘चालकाचा ताबा सुटला’ असे छापून येते आणि विषय संपतो.

या पुस्तकाचा विषय या दोन प्रवासांमधल्या फरकात आहे. चालकाला आगाऊ इशारा देणारी यंत्रणा म्हटले, की आज महागड्या मोटारीतला कॅमेरा, काचेवर उमटणारे चिन्ह आणि ‘टिंग टिंग’ आवाज डोळ्यांपुढे येतात. ते सगळे यात आहेच. पण इशारा हे यंत्र नसून चालकाला मिळालेला वेळ आहे, आणि तो वेळ देण्याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यावर, तो खणणाऱ्यावर आणि त्यावर गाडी उभी करणाऱ्यावर गाडी चालवणाऱ्याइतकीच आहे, हे मानल्याशिवाय पुढची पाने वाचण्यात अर्थ नाही.

किती वेळ लागतो? रस्ते आखणारे भारतीय अभियंते एक आकडा धरून चालतात : २.५ सेकंद. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी टिपणे, ते काय आहे हे कळणे, काय करायचे ते ठरवणे आणि पाय ब्रेकवर जाणे, या सगळ्याला मिळून अडीच सेकंद. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे ४२ मीटर पुढे गेलेली असते, आणि अजून ब्रेक लागलेलाच नसतो. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी ३९-४० मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसने ताशी ६० च्या वेगाला थांबण्यासाठी ८० मीटर अंतर दिसले पाहिजे असे ठरवले आहे, ते या हिशेबाने. लोकलचे जवळजवळ चार डबे एकापुढे एक उभे केले तर एवढी लांबी भरते.

आता पावसाळ्यातल्या रात्री ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यात जाऊन उभे राहावे. मेट्रो ४ च्या कामामुळे वर्षानुवर्षे रस्त्याच्या मध्ये पत्र्याचे बॅरिकेड उभे आहेत. एखादा पत्रा वाकून मार्गिकेत आलेला असतो, एखाद्या ठिकाणी रस्ता अचानक एका मार्गिकेने अरुंद होतो. पाण्याने भरलेला खड्डा ओल्या रस्त्यासारखाच चमकतो. दुचाकीच्या खाली वळवलेल्या दिव्यात तो दिसेपर्यंत ऐंशीतले बहुतेक मीटर संपलेले असतात. अशा ठिकाणी चालकाला दोष देणारा प्रत्येक अहवाल अपुरा असतो, असे माझे ठाम मत आहे.

कामाच्या जागी रस्ता कसा राखावा याची नियमावली आपल्याकडे नाही असेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५५ या मार्गदर्शिकेत कामाचा पट्टा चार भागांत वाटला आहे. आधी इशाऱ्याचा भाग, मग वाहने हळूहळू एका बाजूला वळवण्याचा, मग प्रत्यक्ष कामाचा, आणि शेवटी वाहतूक पूर्ववत होण्याचा. आपल्या शहरांत या चारांपैकी तिसरा भाग हमखास असतो. पहिला भाग म्हणजे एक काळा-पिवळा फलक, तोही कामाच्या तोंडाशीच टेकवून ठेवलेला. फलक लागला म्हणून बिल मंजूर होते, पण तो आठ मीटरवर आहे की ऐंशी, हे तपासायला कोणी टेप घेऊन येत नाही.

ही सारी शिस्त कुठून आली याचा एक धागा आपल्याच माणसापर्यंत जातो, आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही. १९२७ साली हिंदुस्थानातल्या रस्त्यांचा विचार करायला सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, तेच जयकर. मोटारी वाढत होत्या आणि रस्ते बैलगाड्यांच्या काळातले होते. समितीच्या शिफारशींतून आधी पेट्रोलवरच्या कराचा रस्ते निधी उभा राहिला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली. आज ठाण्याच्या तीन हात नाक्यावरच्या फलकाचा आकार, दुभाजकावरच्या पट्ट्यांची रुंदी, वळणाआधीचा त्रिकोण, या सगळ्यांची मापे या परंपरेतून येतात. साध्या गतिरोधकाचेही माप ठरलेले आहे : उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, वर काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचना फलक. डोंबिवलीच्या गल्ल्यांत रातोरात उगवणारे डांबराचे उंचवटे या मापाशेजारी ठेवून पाहावेत. वेग कमी करा असे सांगण्यासाठी केलेली वस्तू स्वतःच न दिसणारा अडथळा होते, आणि तिच्यावरून मागे बसलेली बाई उडून पडते.

इशारा नसण्याची किंमत किती, हे सगळ्या देशाला ४ सप्टेंबर २०२२ रोजी कळले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाला धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले सहप्रवासी गेले. चारोटी आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ च्या विभाजनापर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्याचाच होता. त्या अपघातानंतर देशभर चर्चा झाली ती मागच्या आसनावरच्या सीटबेल्टची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तिथे तीन मार्गिकांचा रस्ता पुलापाशी दोन मार्गिकांचा होतो, आणि पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या पट्टीत पुढे आल्याकडे बोट दाखवले होते. ही अर्धी गोष्ट लोकांच्या लक्षात फार काळ राहिली नाही. मोटार सुरक्षिततेच्या सगळ्या साधनांनी युक्त होती. पुढे रस्ता आकसतो आहे हे मोटारीने सांगायचे नव्हते, रस्त्याने सांगायचे होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या दुरुस्तीने रस्त्याची आखणी, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न करणाऱ्याला दंडाची तरतूद केली, कलम १९८-अ. दंडाची मर्यादा एक लाख रुपये. महामार्गाच्या कंत्राटांचे आकडे ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा दंड कसा वाटत असेल ते सांगायला नको.

मोटारींच्या बाजूने मात्र बरेच झाले आहे. १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ताशी ८० च्या वर गेलात की थोड्या थोड्या वेळाने आवाज होतो, १२० च्या वर गेलात की तो थांबत नाही. त्याच दिवसापासून पुढच्या आसनांसाठी सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज आणि मागे घेताना अडथळा सांगणारे सेन्सरही आले. ठाण्याच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर नवी गाडी चालवणाऱ्या कोणालाही हा आवाज ओळखीचा आहे. आणि तो बंद करण्याची क्लृप्तीही ओळखीची आहे : बेल्टच्या खाचेत अडकवायची पोकळ क्लिप. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. लोक इतके का वैतागतात, याचा अभ्यास या विषयात महत्त्वाचा आहे. कल्याण स्टेशनबाहेरच्या गर्दीत पुढच्या धडकेचा इशारा देणारा कॅमेरा सतत ओरडत राहील, कारण तिथे प्रत्येक रिक्षा दुसरीच्या हातभर अंतरावरच असते. शंभरातले नव्वद इशारे खोटे निघाले की एकशे एकावा खरा असला तरी कान तो ऐकत नाही. परदेशातल्या रुंद, रेषा आखलेल्या रस्त्यांवर शिकवलेला कॅमेरा आपल्याकडे आणताना ही अडचण सोडवावी लागते. रेषाच पुसलेली असेल तर ‘रेषा ओलांडलीत’ असे यंत्र कशाच्या आधारावर सांगणार?

बस आणि मालट्रकमध्ये आपोआप ब्रेक लागणे, झापड आल्यावर चालकाला सावध करणे आणि मार्गिका सुटल्याचा इशारा, या गोष्टी सक्तीच्या करण्याचा मसुदा केंद्राने मार्च २०२५ मध्ये काढला. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. जेएनपीए बंदराचे कंटेनर कळंबोली, तळोजा, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव असा प्रवास करत भिवंडीच्या गोदामांकडे जातात. शहरांत अवजड वाहनांना वेळेची बंधने असल्याने यातले बरेच चालक रात्री गाडी हाकतात आणि दिवसा सावली मिळेल तिथे झोपतात. झोपेविरुद्धची तरतूद खरे तर १९६१ सालीही झाली होती. मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. तो कायदा पाळला गेला असता, तर चालकाच्या पापण्यांवर कॅमेरा रोखायची वेळ पुष्कळ कमी वेळा आली असती. कॅमेरा झोप आल्याचे सांगेल. झोपायला जागा कोण देणार?

समृद्धी महामार्गाने या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून ७०१ किलोमीटरची सरळ धाव भिवंडी तालुक्यात येऊन संपू लागली. ताशी १२० ची मुभा असलेल्या रस्त्यावर तासन्‌तास गेलेल्या चालकाला वेगाचे भान राहत नाही. ताशी ८० सुद्धा त्याला रांगल्यासारखे वाटते. अशा अवस्थेत तो आमण्याला उतरतो आणि थोड्याच वेळात मुंबई-नाशिक महामार्गावरच्या ट्रकांच्या रांगेच्या शेपटाशी पोचतो. त्या शेपटाची जागा दर तासाला बदलते, म्हणून तिथे एकच ठरलेला फलक पुरत नाही. रांग कुठपर्यंत आली आहे हे ओळखून तिच्या बरेच आधी अक्षरे बदलणारा फलक हवा. तंत्रज्ञान जुने आहे, जगभर वापरात आहे. या पुस्तकातला रांगेच्या इशाऱ्यावरचा भाग मी दोनदा वाचला, आणि ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने तोच सर्वांत तातडीचा वाटला.

ट्रकवाल्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. या रस्त्यावर इशाऱ्याची एक फार जुनी, गरिबाची पद्धत अजून चालते. ट्रक बंद पडला की क्लिनर खाली उतरतो, झाडाची फांदी तोडून ट्रकच्या मागे खोचतो आणि रस्त्यावर थोड्या अंतरावर दगड मांडतो. त्याला रस्ते काँग्रेस ठाऊक नसते, पण मागून येणाऱ्याला वेळ द्यायला हवा हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याची चूक एवढीच, की दगड दहा पावलांवर असतात आणि ट्रक निघून गेल्यावर ते तिथेच राहतात, मग पहाटे दूधवाल्याची मोटारसायकल त्यांवर जाते. त्याच्याजवळ परावर्तक त्रिकोण असता, गाडीच्या मागे रेडियमची पट्टी धड असती आणि बाजूला उभे राहायला जागा असती, तर त्याच समजुतीने एक जीव वाचला असता. पाडघ्यापासून शहापूरपर्यंत रात्री कडेला उभ्या असलेल्या ट्रकांच्या मागच्या पट्ट्या पाहत जावे. चिखलाखाली त्या दिसतच नाहीत. एका ओल्या फडक्याचे काम असते. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३० च्या दशकात रस्त्यात बसवायचे ‘कॅट आय’ शोधून काढले, तेव्हा गाडीचे चाक त्यावरून गेले की रबर दबून काच आपोआप पुसली जावी अशी रचना त्यांनी केली होती. इशारा देणारी वस्तू स्वच्छ राहिली पाहिजे, एवढे त्यांना नव्वद वर्षांपूर्वी सुचले होते.

हे सारे लिहिताना एक गोष्ट मला सतत टोचते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली महाराष्ट्रातली १५,२२४. देशातल्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे. म्हणजे तीनातले जवळजवळ दोन जीव असे, ज्यांच्यासमोर इशारा द्यायला ना काच असते ना पडदा. नव्या यंत्रणा आधी त्यांच्याकडे जातात ज्यांच्याभोवती सर्वांत जास्त पोलाद आहे. म्हणून कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरात, जिथे दुचाकी पुष्कळ आहेत, तिथे इशारा गाडीत कमी आणि रस्त्यात जास्त असायला हवा. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी एकामागून एक बळी घेतले. शिवाजी चौकात दुचाकीवरून पडलेली एक स्त्री बसच्या चाकाखाली गेली, ते चित्रण घराघरांतल्या टीव्हीवर दिसले. तिला कोणत्या कॅमेऱ्याने वाचवले असते? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. या आदेशाचे मोल मोठे आहे, पण भरपाई म्हणजे उशिरा आलेला इशारा, आणि तो पालिकेला मिळतो, गेलेल्या माणसाला नाही.

प्रशासनालाही आगाऊ इशारा लागतो, हा या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला विचार. राष्ट्रीय महामार्गावरचा ‘ब्लॅक स्पॉट’ कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या पाहा : ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. ही व्याख्या आवश्यक आहे, निधी कुठे घालायचा ते तिने ठरते. पण तिच्या हिशेबात जागा धोकादायक ठरण्यासाठी आधी माणसे मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात.

यावर नागपुरात एक वेगळा प्रयोग झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे ‘आय-रास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. नागपूर महानगरपालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी आणि जयकर समितीच्या वाटेवर उभी राहिलेली केंद्रीय रस्ते संशोधन संस्था त्यात एकत्र आल्या. शहर बसच्या काचेवर कॅमेरे बसवले. समोर माणूस आला, पुढची गाडी फार जवळ आली, की ते चालकाला सावध करत. इथपर्यंत नवे काही नाही. पण प्रत्येक इशारा कुठे आणि किती वाजता झाला याची नोंदही होत गेली. काही जागी इशारे पुन्हा पुन्हा वाजत होते. तिथे अजून कोणी मेलेले नव्हते, पण लक्ष दिले नाही तर मरणार होते. या जागांना त्यांनी ‘ग्रे स्पॉट’ म्हटले. बस शहरभर फिरते, दिवसभर फिरते, रोज त्याच रस्त्याने फिरते. तिच्या चालकाला दचकवणारी जागा इतर हजारोंना दचकवतेच. अभियंत्याला झाडाची फांदी छाटायची की थांबा हलवायचा, पट्टे रंगवायचे की दुभाजकातली फट बुजवायची, हे त्या नकाशावरून पंचनाम्याआधी कळते.

ठाणे परिवहनच्या, कल्याण-डोंबिवली परिवहनच्या आणि एसटीच्या बस घोडबंदर रस्त्यावरून, दुर्गाडीच्या पुलावरून, पत्रीपुलावरून, मुरबाडकडे आणि शीळफाट्याकडे रोज धावतात. प्रत्येक बसमध्ये महागडी यंत्रणा बसवायची गरज नाही. मार्गाला दोन-तीन बस पुरतील, आणि जिथे कॅमेरा नाही तिथे अनुभवी चालकांना बसवून ‘तुमचा पाय कुठे कुठे ब्रेकवर जातो’ एवढे विचारले तरी निम्मा नकाशा हाती येईल. हे चालक गेली वीस-पंचवीस वर्षे आपल्या डोक्यात तो नकाशा बाळगून आहेत, त्यांना कोणी विचारलेले नाही. सुरुवात कल्याण-शीळ रस्त्याने करावी असे मी सुचवेन. तिथे मेट्रो १२ चे काम आहे, कंटेनर आहेत, दुचाकी आहेत, नव्या वसाहतींतून थेट महामार्गावर उघडणारी फाटके आहेत, आणि काम आणखी काही पावसाळे चालणार आहे. पहिल्या पावसाळ्याच्या नोंदी पालिका, रस्ते विकास महामंडळ, मेट्रोचे कंत्राटदार आणि वाहतूक पोलिस यांच्या एकाच बैठकीत टेबलावर ठेवता येतील, आणि प्रत्येक जागेसमोर एका माणसाचे नाव आणि एक तारीख लिहिता येईल.